कुणीतरी करंट खातंय

"लाईट चालू राहिली असेल."

मी स्टिल्टच्या पार्किंगमध्ये बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून उभी होते आणि बी विंगमधले काका दुधाची पिशवी झुलवत, पाऊलही न थांबवता एवढं बोलून लिफ्टकडे निघून गेले. राग आला तो सुराचा. त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्यांच्या आधी वॉचमनने हेच सांगितलं होतं, नवऱ्याने तेच जरा मऊ करून ("आतली लाईट बघितली होतीस ना गं?"), आणि गाड्या पुसायला येणाऱ्या पोराने तर "मॅडम, आता रात्री मीच एक चक्कर मारत जाईन" असं अभयही देऊन टाकलं होतं. सगळ्यांचं निदान फिरून फिरून माझ्याच बोटापाशी येत होतं. ए विंगमधल्या एका गृहस्थांची गाडी त्याच पावसाळ्यात बंद पडली, तेव्हा हीच मंडळी तिच्याभोवती कोंडाळं करून "हल्लीच्या बॅटऱ्यांत दमच नाही" असं एकमेकांना सांगत होती. त्यांना लाईटचं कुणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

मी लाईट चालू ठेवलेली नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण एकदा असं झाल्यावर माणूस गाडी लॉक करून चार पावलं जातो, परत येतो, काचेला नाक लावून आत डोकावतो, मग लिफ्टमध्ये शिरतो. आमच्या लिफ्टसमोरून गाडीचा मागचा भाग दिसतो. दार मिटेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहायची. तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी गेलीच.

बॅटरी जाताना गाडी जे आवाज करते ते एकदा ऐकले की विसरायला होत नाही. पहिल्या सकाळी इंजिन कण्हल्यासारखं फिरतं, घुंऽऽ घुंऽऽ, आणि नेमकं आता थांबणार म्हणताना पकडतं. तेव्हाच सावध व्हायचं असतं, पण चालू झाली ना, मग चला, म्हणून आपण निघतो. पुढच्या खेपेला कण्हणंही नाही. नुसतं टक टक टक टक. स्टार्टरचा सोलेनॉइड, म्हणजे त्याला वीज जोडणारा खटका, ओढला जातो, त्याबरोबर व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज जरा वर येतं, तो पुन्हा ओढला जातो. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे त्या ठेक्यावर नाचतात आणि घड्याळ शून्यावर जाऊन बसतं. शेवटी तेही नाही. बटण दाबलं तर काहीच नाही. पावसाळ्यात बंद राहिलेल्या गाडीचा कुबट वास, वरच्या पाइपातून बॉनेटवर टपटपणारं पाणी, आणि मी.

माझ्या गाडीला क्लचचं पेडल नाही, म्हणजे ती धक्क्यावर चालू होत नाही. त्यामुळे सोसायटीतल्या उत्साही मंडळींचा "धक्का मारू का?" हा प्रश्न दर वेळी नम्रपणे परतवावा लागायचा. राहिलं जम्पर केबलचं. तिथेही दर वेळी वाद. लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि उरलेलं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लागताना ठिणगी उडते, म्हणून ही सगळी काळजी. हे मी सांगितलं की समोरचा "हो हो" म्हणतो आणि चिमटा घेऊन सरळ बॅटरीच्या मायनसकडेच निघतो. मग मी त्याचं मनगट धरते.

मग बॅटरीवाला आला. घरपोच सेवा, स्कूटरच्या पायाशी नवी बॅटरी, खिशात पाने. त्याने लोड टेस्टर लावला, काटा लाल पट्ट्यात झुकला. "गेली आहे मॅडम, चार वर्षं झाली, अजून किती चालणार?" यात खोटं काही नव्हतं. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, कारण आतले सहा सेल प्रत्येकी २.१ च्या आसपासचे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी उरली, १२ च्या खाली गेली की संपल्यात जमा. माझी ११.८ होती. ठाण्याच्या उन्हाळ्यात चार वर्षं म्हणजे बॅटरीचं म्हातारपणच. उष्णतेने तिचं आयुष्य घटतं. जुनी परत घेतली त्याचे काही पैसे वळते केले, नवी बसवली, टर्मिनलला पेट्रोलियम जेली फासली आणि तो गेला. ती अशक्त का झाली हे त्याने विचारलं नाही, आणि ते त्याचं कामही नव्हतं. त्याचं काम बॅटरी विकणं.

जुनीसारखी नवीही बसली.

वागळे इस्टेटच्या बाजूला बसणारा एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. तिशीचा असेल. बोलणं साताऱ्याकडचं, नखांत काळं, आणि गळ्यात स्टेथोस्कोप घालावा तसा मल्टिमीटर. आल्या आल्या त्याने मला एकच विचारलं, "ताई, गाडी रोज चालते का उभी असते?" इतक्या दिवसांत हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर ऐकायला समोरचा थांबला होता. मी म्हटलं, आता उभीच असते जास्त. त्याने मान हलवली. टर्मिनल हाताने पिळून बघितले, घट्ट होते. केबल लावून गाडी चालू केली आणि मीटर धरला. १४.२. "डायनॅमो बरोबर देतोय." इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला ही मंडळी अजून डायनॅमोच म्हणतात. अर्धा-पाऊण तास इंजिन तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं आणि म्हणाला, "बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं. म्हणजे कुणीतरी करंट खातंय."

करंट कोण खातंय हे शोधायचं तर आधी गाडीला झोपवावं लागतं. हे मला नवीन होतं. त्याने दहा नंबरच्या पान्याने मायनसची केबल सोडवली आणि केबल व बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडला, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाणार. मला म्हणाला, चावी वर घरात ठेवून या, इथे जवळ असली तर गाडी तिला ओळखत राहते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं ठेवून त्याच्या कडेचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं. आता दार उघडं असूनही गाडीला ते लागलंय असंच वाटणार, आणि आपल्याला फ्यूजच्या पेटीपर्यंत हात घालता येणार. मग म्हणाला, "आता बसा. अर्धा तास तरी कशाला हात लावायचा नाही." मीटरवर सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसत होते. थोड्या वेळाने एक पायरी उतरली, मग आणखी एक. गाडीतली एकेक यंत्रणा आपापल्या वेळेने झोपत होती. पूर्ण झोपल्यावरही शून्य येत नाही. घड्याळ, रिमोटची वाट बघणारं लॉक, चोर ओळखणारी यंत्रणा यांना थोडं लागतंच. ५० मिलिअँपिअरच्या आत असलं की ठीक.

आणि इथे काका आले. दार उघडं बघून "बघा, दारच लागलेलं नाही तुमचं!" असं विजयाने म्हणत त्यांनी ते ढकललं. कुलूप आधीच मिटलेलं, त्यामुळे दार आपटून परत आलं. म्हणून त्यांनी हँडल ओढलं. आतली लाईट लागली, मीटरचा आकडा टुणकन चारवर गेला. इलेक्ट्रिशियन काही बोलला नाही. त्याने कुलूप पुन्हा दाबलं, खिशातून तंबाखूची पुडी काढली, माझ्याकडे बघून परत ठेवली आणि म्हणाला, "परत अर्धा तास."

त्या अर्ध्या तासात काकाही प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले. मग गप्पा निघाल्या. हीच शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांतेने १८५९ मध्ये केली. आपल्या ठाण्याला बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली त्यानंतर सहा वर्षांनी. आगगाडी तेव्हापासून ओळखू येणार नाही इतकी बदलली, बॅटरीत मात्र अजून तेच शिसं आणि तेच सल्फ्युरिक आम्ल. मोटारीला हँडल मारावं लागू नये म्हणून चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, आणि तेव्हापासून आपण तिच्या दावणीला आहोत. इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्यांनीही हसू नये. त्यांच्याही बहुतेक गाड्यांत ही १२ व्होल्टची असतेच, आणि ती बसली तर खालची भलीमोठी बॅटरी भरलेली असून गाडी जागची हलत नाही. काका म्हणाले, हो, भाच्याची अशीच अडकली होती. त्यानंतर त्यांचा आवाज जरा खाली आला.

मीटरवरचा आकडा ०.४ च्या जरा वर येऊन थांबला होता. आणखी दहा मिनिटं बघितलं. ढिम्म.

०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला साधारण १० अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ ची. दोन दिवसांत निम्मी रिकामी, तिसऱ्या सकाळी टक टक. हिशोब तोंडी जमत होता आणि मला कमालीचं बरं वाटत होतं. आकडा काही माझ्याकडे बघून बोलत नव्हता. गाडी बंद, चावी घरात, दिवे विझलेले, तीन माणसं समोर साक्षीला, आणि काहीतरी खात होतं.

त्या मीटरकडे बघता बघता मला नौपाड्यातला मीटर आठवला. आमची दोन खोल्यांची जागा, खाली मालक, वर आम्ही आणि आणखी दोन बिऱ्हाडं. साल १९८० च्या पुढचं, मी तिसरी-चौथीत. जिन्याखाली लाकडी फळीवर चार मीटर ओळीने, काळे, समोर काच, आत ॲल्युमिनियमची आडवी चकती, तिच्या कडेला एक काळी खूण. वीज जळेल तशी चकती फिरायची. आमचं बिल अचानक वाढलं होतं आणि घरात त्याचं कारण ठरून गेलं होतं: आईची शेगडी. रॉकेल मिळायचं नाही तेव्हा ती कॉइलच्या शेगडीवर दूध तापवायची. बाबांनी शेगडी माळ्यावर टाकली. पुढचं बिल आलं, ते तेवढंच. मग इस्त्री. मग दुपारचा रेडिओ. शेजारच्या काकूंनीही, "वहिनी, दुपारी पंखा चालू असतो हो तुमचा," असं एकदा जिन्यातच ऐकवलं. आई बोलली नाही. ती फार बोलायची नाहीच. पण एका दुपारी मला घेऊन खाली गेली. आधी घरातली सगळी बटणं बंद केली होती. चकती फिरत होती. मला वर पाठवून तिने लोखंडी मेन स्विचचा खटकाच खाली ओढायला लावला. मी जिन्यात ओरडले, "ओढला!" आणि धावत खाली आले. चकती तरीही फिरत होती, अगदी सावकाश. काळी खूण उजवीकडे दिसेनाशी झाली आणि परत यायला दीड मिनिट तरी लागलं असेल. आईने ती खूण पुन्हा येईपर्यंत पदराचं टोक दातात धरून ठेवलं होतं. खूण आली. आई म्हणाली, "आपल्या घरातलं नाही."

मेन स्विच बंद आणि मीटर चालू. म्हणजे मीटर आणि स्विच यांच्या मधूनच कुणीतरी वायर काढलेली. हे आज मी एका वाक्यात लिहिते. आईला विजेतलं काही येत नव्हतं, तिला जमाखर्च येत होता. तिने भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर बोट ठेवलं आणि चालायला लागली. पट्टी जिन्याखालून मागे वळली, मोरीच्या भिंतीवर चढली आणि संडासाकडे जाणाऱ्या बोळात एका बल्बपाशी संपली. त्या बोळात दिवसाही अंधार असायचा, म्हणून तो बल्ब चोवीस तास जळायचा आणि त्याचं बटण कुठे आहे याची कुणी कधी चौकशीही केली नव्हती. साठचा बल्ब. संध्याकाळी मालक म्हणाले, चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशी त्यांचा वायरमन आला. बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री त्यांनी स्टूल लावून शेगडी माळ्यावरून काढली, फडक्याने पुसली आणि ओट्यावर ठेवली. मला तेव्हा वाटलं होतं, आई आता हसेल. तिने शेगडीवर दूध ठेवलं.

इकडे इलेक्ट्रिशियन फ्यूज तपासत होता. फ्यूज उपटून बघायची त्याची पद्धत नव्हती. काढून परत लावला की गाडीतलं काहीतरी जागं होतं म्हणे. हल्लीच्या चपट्या फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून धातूचे दोन ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांवर मीटरच्या दोन सुया टेकवायच्या. आतून करंट वाहत असेल तर मिलिव्होल्टमध्ये आकडा दिसतो, नसेल तर शून्य. टॉर्च तोंडात धरून तो स्टिअरिंगखाली आडवा झाला होता आणि मला फक्त त्याचे बूट दिसत होते. "शून्य… शून्य… शून्य… हा घड्याळाचा, राहू दे… शून्य." मग बॉनेटखालची पेटी. तिथेही तेच. सगळे फ्यूज संपले आणि मीटर ०.४ वरच.

काका म्हणाले, "म्हणजे मीटर खराब."

मी म्हटलं, "म्हणजे पेटीच्या बाहेरून वायर गेलीय."

इलेक्ट्रिशियन बॉनेटमधून मान वर काढून माझ्याकडे बघत राहिला. मग बॅटरीच्या प्लसवर वाकला. तिथे कंपनीच्या जाड केबलबरोबर आणखी एक लाल वायर होती, करंगळीएवढी, तिच्यावर स्वतंत्र फ्यूजची काचेची नळी, आणि नळीवर इतकी धूळ की ती इंजिनचाच भाग वाटावी. बॅटरीवाल्याने नवी बॅटरी बसवताना ती वायरही इमानदारीत परत जोडली होती. आम्ही तिच्यामागे निघालो. रबरी भोकातून आत, पायदानाच्या गालिच्याखालून, डाव्या सीटखाली. इलेक्ट्रिशियनने हात घातला आणि म्हणाला, "ताई, हात लावा." सीटखाली एक चपटी काळी पेटी होती. तासाहून जास्त वेळ बंद असलेल्या, पावसाने गारठलेल्या गाडीत ती पेटी कोमट होती.

मुलाचा बेस. ठाण्यात कॉलेजला असताना त्याने स्टिरिओबरोबर बसवून घेतलेला, सीटखाली मावणारा स्पीकर आणि त्याचा ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. अशा पेटीला तीन गोष्टी लागतात: बॅटरीतून थेट करंट, अर्थिंगची वायर, आणि स्टिरिओकडून येणारी एक बारीक निळी वायर. स्टिरिओ लागला की निळ्या वायरीतून हाक येते आणि पेटी जागी होते. स्टिरिओ बंद, पेटी बंद. बसवणाऱ्याने निळी वायर डॅशबोर्डमागे स्टिरिओपर्यंत ओढायचा कंटाळा केला होता. ती सीटखालीच लाल वायरीला पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. म्हणजे पेटी बसवल्या दिवसापासून जागीच. गाणं नाही, आवाज नाही, नुसती जागी.

मग इतकी वर्षं गाडी चालली कशी? कारण मी रोज ऐरोलीला जात होते. घोडबंदर रोडवरून मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने कापूरबावडी, माजिवडा, मग कळवा, विटावा. जाताना तासभर, येताना त्याहून जास्त. पेटी रात्री जे खायची ते अल्टरनेटर दिवसा भरून काढायचा. मग ऑफिस घरात आलं, आणि गाडी उरली मानपाड्यापर्यंत भाजी आणायला. दहा मिनिटांच्या फेरीत शिशाची बॅटरी भरत नाही. शेवटचा भाग तर ती तासन्‌तास घेते. बिघाड जुनाच होता, तो झाकणारी धावपळ तेवढी थांबली होती. त्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघी, मी आणि गाडी, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेल्या रांगेत उभ्या राहून एका बंद पेटीचं पोट भरत होतो. ट्रॅफिकला किती शिव्या दिल्या असतील मी.

वाईट वाटलं ते पहिल्या बॅटरीचं. बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पत्र्यांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग ती पूर्वीइतकी भरतच नाही. रोज रात्री थोडी थोडी रिकामी होत ती चार वर्षं टिकली हेच खरं तर विशेष. तिला "गेली" म्हणून स्कूटरवर घालून नेली. आता कुठल्याशा भट्टीत तिचं शिसं वितळून दुसऱ्या बॅटरीत गेलंही असेल. नवीलाही थोडा फटका बसलाच असणार, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला; किती, ते पुढे कळेल.

मुलाला फोन केला. तो पुण्यात असतो. आधी तोही म्हणाला, "आई, लाईट…" आणि मग पेटीचं ऐकून गप्प झाला. म्हणाला, काढून टाक ना, तू कुठे बेस ऐकतेस. मी इलेक्ट्रिशियनला निळी वायर स्टिरिओपर्यंत ओढायला सांगितली. चिकटपट्टी सोलली तेव्हा आतली तांब्याची पिळं हिरवी पडली होती. गाडी पुन्हा झोपवली. काका या वेळी हात मागे बांधून उभे होते. ०.०२. पेटी राहू दिली. कुमारजी लावले की डग्गा पायाखालून येतो, आणि हे सुख मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

आई अजून नौपाड्यातच असते, जुन्या जागी उठलेल्या नव्या इमारतीत. रविवारी तिला सगळं सांगितलं, लाल वायर, कोमट पेटी, सगळं. ती ऐकत ऐकत मेथी निवडत होती. म्हणाली, "किती खात होती?" मी हिशोब केला. १२ व्होल्ट, ०.४ अँपिअर, म्हणजे पाचेक वॅट. महिन्याला साडेतीन युनिट धर.

"साडेतीन?" आई म्हणाली. "आपला बल्ब ४३ खायचा. आणि मालकांनी एक पैसा परत दिला नाही. तुझे बाबा मागायलाच गेले नाहीत."